शिंपल्याचं पहिलं पाणी

मेबल मूळची वसईची. इकडे आखातात, झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला लागली, त्याला आता इतकी वर्षं झाली की मॅनेजर बदलले, पडदे बदलले, मेबल मात्र तिथंच.

नवरा अँब्रोज इथंच, सित्राला क्रेन चालवतो. यंदा त्याची झोपच उडाली. छातीत धडधडायचं, हात कापायचे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "रिपोर्ट वाईट आला की क्रेन गेली, व्हिसा गेला. मग वसईला जाऊन काय, केळी विकू?" पण वर याचा हात थरथरला तर खाली माणसं असतात, हे मेबलच्या डोक्यातून जाईना. रोझरी म्हणतानाही तिला ती क्रेनच दिसायची.

रिसॉर्टच्या स्पामध्ये मालिश करणारी लियान चीनची. तिनं कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे आणून दिले. त्यांच्या औषधांत शिंपला जड मानतात. वर उडालेला जीव तो खाली बसवतो, झोप आणतो म्हणे.

"बराच वेळ उकळ, मग चवीला खजूर घाल," लियान म्हणाली. "पण छाती धडधडते ना, आधी डॉक्टरला दाखव."

दाखवतोय कोण! मेबलनं काढा सुरू केला. अँब्रोज नाक मुरडत प्यायचा. थोड्याच दिवसांत म्हणाला, "खलास! मस्त झोप लागते. आता डॉक्टर मफी, गरजच नाही." मेबलनं मरियामातेपुढे मेणबत्ती लावली.

लियानला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, "करतेस कसा?"

"शिंपले उकळते, ते पाणी ओतून देते, मग ताज्या पाण्यात खजूर..."

"ओतून देतेस?"

"मग? रेती असते त्यात. आमच्या घरी शिंपल्यांचं पहिलं पाणी कुणी ठेवत नाही."

लियान कपाळाला हात लावून हसत सुटली. "अगं, औषध मोरीत गेलं! नवरा नुसतं खजुराचं पाणी पितोय!"

मेबलही हसली, आणि हसता हसता थांबली. मग याला झोप लागत होती कशानं?

संध्याकाळी अँब्रोज कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला. तिनं चहा पुढं ठेवला आणि सगळं सरळ सांगितलं. त्यानं कप बाजूला सारला.

"डोळे मिटून पडतो गं. तुला वाटावं, झोपलो. मेणबत्ती लावलीस तेव्हा लाज वाटली."

"देवासमोर मला खोटं पाडलंस. उद्या मुकाट्यानं माझ्याबरोबर चलायचं."

तो गेला. डॉक्टर मुनीरांनी मान चाचपली, रक्त तपासलं. थायरॉइड वाढलं होतं. "गोळ्यांनी आटोक्यात येईल. तोवर क्रेनवर चढू नका. पुढं चढाल, इंशाल्ला."

दवाखान्याच्या दारातच अँब्रोजनं सुपरवायझरला फोन लावला. मेबल कान देऊन उभी.

"गोदामात घेतायत," तो फोन ठेवत म्हणाला. "हात थरथरताना त्यानं पाहिलं होतं. मी कधी सांगतो, याचीच वाट बघत होता म्हणे."

मेबलनं क्रुसाची खूण केली आणि फार्मसीच्या रांगेत त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"गोळ्या मी ताब्यात घेते. तुझा भरवसा नाही."