साहेबानं नाय म्हणावं म्हणून

हे सांगावं का नाय, याचा मी पुष्कळ विचार केला. पण आता चहा पुढ्यात आलाय, तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडं बघताय, आन आमची ही दोन दिवस माहेरी खुलताबादला गेलीय. मग सांगून टाकतो. ती असती तर तिनंच सांगितलं असतं, आन मला कुठं तोंड लपवावं ते कळलं नसतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. औरंगाबादेत नवेनवे कारखाने उभे राहत होते. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात लेथवर होतो. राहायला मुकुंदवाडीत, मी आन माझी माय. मूळचे आम्ही मेंढरामागं फिरणारे लोक. मायनं निम्म्या शेळ्या विकून मला आयटीआय शिकवलं. कारखान्यात अजून कायम झालो नव्हतो, पण आज होईल, उद्या होईल अशी बोलणी चालली होती.

अशात माझं लग्न झालं. सुमनशी. ती नर्स. इथं शिकली आन तिकडं इंग्लंडात एका दवाखान्यात लागली. चांगली कायमची राहायची परवानगी मिळालेली बाई. सुट्टीवर आली, घरच्यांनी मला दाखवलं, आन का कोण जाणे तिनं मला पसंत केलं. लोक विचारायचे, हिनं ह्याच्यात काय बघितलं? मी बी तेच विचारायचो, पण मनात.

जाताना ती म्हणाली, "अहो, घाई नाही. तुम्हाला यायचं असेल तर अर्ज टाका. नसेल यायचं तर तसं सांगा, मग मी काय करायचं ते बघते. पण दोन्हीपैकी एक सांगा."

बघा, किती सोपं काम. तेवढं एक मला जमलं नाय.

कारण मला भीती वाटायची. गंमत म्हणून सांगत नाय, खरीच. विमानाची भीती. थंडीची भीती. इंग्रजीची तर विचारू नका, कारखान्यात साहेब 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी माझ्या हातातला पाना खाली पडायचा. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. तिकडं ती कमावणार आन मी घरात बसून तिच्या जिवावर खाणार. गावात लोक काय म्हणतील? आन नाय गेलो तर? तर ती मला सोडील, ही भीती. झोपेत घामानं अंथरूण ओलं व्हायचं.

त्यात एक अडचण होती. व्हिसाचा शिक्का एकदा पासपोर्टवर बसला की काही महिन्यांत जावंच लागायचं. नाय गेलं की तो वाया. म्हणजे लवकर अर्ज टाकला तर लवकर जावं लागणार, उशिरा टाकला तर बायको समजायचं ते समजणार. मग टाकायचा कधी?

माझ्या शेजारच्या लेथवर साळवे होता. माझा जिवाभावाचा दोस्त. नामांतराच्या चळवळीत पुढं असायचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून तुरुंगात जाऊन आलेला माणूस. त्याला विचारलं.

"तुला जायचं नाय ना? मग तिला तसं सांग," तो म्हणाला.

"जायचं नाय असं नाय."

"मग जा की."

"जायचंय असं बी नाय."

साळवेनं मशीन बंद केलं, माझ्याकडं बघितलं आन पुन्हा चालू केलं.

शेवटी मीच एक युक्ती काढली. त्या दिवसांत नामांतरावरून शहर तापलेलं होतं. आज बंद, उद्या मोर्चा. चौकाचौकात बंदोबस्त. पोलिसांना पाणी प्यायला सवड नव्हती. आन पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी लागते. मी म्हणलं, हीच वेळ. आत्ता पासपोर्टचा अर्ज टाकायचा. चौकशीचा कागद ठाण्यात पडून राहील, पासपोर्टच नाय म्हणल्यावर व्हिसाचा अर्ज आपोआप लांबेल. सुमनला सांगायला बरं, की बाई, मी माझ्याकडून सुरुवात केलीय.

टाकला अर्ज. बरेच दिवस निवांत झोपलो.

मग एका रविवारी साळवे मला सभेला घेऊन गेला. मी आपला मागं उभा. पण गर्दीत त्यानं माझ्या हातात झेंडा दिला. मागण्या पटत होत्याच, म्हणून धरला. पण धरला तेव्हापासून मला वाटायला लागलं की समोरचे सगळे पोलीस माझ्याच तोंडाकडं बघताहेत.

दोनच दिवसांनी सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो, तर गल्लीच्या तोंडाला एक पोलीस जमादार आला. हातात कागद. किराणावाल्याला विचारत होता, "लक्ष्मण कुठं राहतो?"

किराणावाल्यानं आमच्या घराकडं बोट केलं.

मी पुढं काय केलं ते आता तुम्हीच समजा. मागच्या दारानं बाहेर पडलो, शेळ्यांच्या दाव्यात पाय अडकून पडलो, उठलो, आन तसाच जाऊन पाचोडची एसटी धरली. पाचोडला माझी बहीण दिलेली. तोंडात मंजन तसंच होतं. कंडक्टर तिकिटाचं विचारत होता आन मला बोलता येईना.

इकडं जमादारानं मायला काय सांगितलं असंल ते असू द्या. मायला समजलं ते एवढंच, की पोलीस आले, लेकाचं नाव घेतलं, कागद दाखवला आन 'ठाण्यात हजर व्हायला सांगा' म्हणाले. ती रडत साळवेकडं गेली.

साळवेचा ऊर भरून आला. हा भित्रा माणूस, ह्यानं आयुष्यात एकदा झेंडा धरला आन ह्याच्यावर वॉरंट निघालं. त्यानं वकील गाठला. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी मला कधी नमस्कार केला नव्हता ते मायच्या हाती पीठ-साखर देऊन गेले.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मी दाजींच्या मेंढरांत बसलो होतो, डोक्यावर घोंगडं घेऊन. तर समोर साळवे, मायकडून बहिणीचा पत्ता घेऊन आलेला, आन त्याच्यासोबत चार-पाच जण.

"लक्ष्मण," साळवे हळूच म्हणाला, "लपू नको. आपण सगळे मिळून हजर होऊ. वकील हाय. तू आत गेलास तर मायचं आम्ही बघू."

"पण मी काय केलंय?"

"तेच तर. काय न करता धरायला आले. ह्याचा जाब विचारायचाय."

मी नाय म्हणायला तोंड उघडलं. पण त्या माणसांच्या डोळ्यांत माझ्याविषयी एवढी इज्जत होती, की मला नाय म्हणता आलं नाय. माय सोडली तर माझ्याकडं तसं कुणी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मुकुंदवाडीतून निघताना दहा-पंधरा जण होते. ठाण्यापर्यंत किती झाले ते मी वळून बघितलं नाय. घोषणा चालल्या होत्या. एकानं माझ्या गळ्यात हार घातला. मी मनात म्हणत होतो, सुमन, तू म्हणाली होतीस दोन्हीपैकी एक सांगा. हे तिसरंच झालं.

ठाण्याच्या पायऱ्यांवर फौजदार उभा. त्याच्या मागं तोच जमादार. मला बघून तो पुढं आला. मी दोन्ही हात पुढं केले, बेड्या घालायला.

"अहो, तुम्ही होतात कुठं?" जमादार म्हणाला. "पासपोर्टच्या चौकशीवर सही पाहिजे तुमची. तीन खेपा मारल्या मी."

घोषणा थांबल्या. पुढच्या ओळीतल्यांनी ऐकलं आन मागच्यांना सांगितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. पासपोर्ट, पासपोर्ट, असं कुजबुजत ते शेवटपर्यंत गेलं. मग कुणीतरी हसलं.

साळवे माझ्या कानाशी आला. "लेका, पासपोर्टच्या कागदाला भिऊन तू मेंढरांत बसलास?"

"मला वाटलं झेंड्याचं हाय."

"झेंड्याचं असतं तर मला सोडून तुला धरलं असतं व्हय रे?"

त्याचं बरोबर होतं. त्यानं माझ्या गळ्यातला हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला, फौजदारापुढं गेला आन म्हणाला, "आलोच आहोत तर आमचं निवेदन घ्या." घेतलं फौजदारानं. जमावाची ती खेप वाया गेली नाय, एवढंच माझं समाधान. पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा साळवेनं ह्याच ठाण्याबाहेर पेढे वाटले, हे बी सांगून ठेवतो.

पण माझं काय झालं? ठाण्यातल्यांना ती गर्दी लवकर काढायची होती. त्यांनी माझा कागद त्याच दिवशी भरला, शिक्का मारला आन पाठवून दिला. जो कागद वर्षभर लोळायचा, तो सगळ्यांच्या आधी गेला. पासपोर्ट घरी आला तेव्हा मायनं त्याला हळदकुंकू लावलं. मला ताप भरला.

आता व्हिसाचा अर्ज टाकायला कारण उरलं नव्हतं. म्हणजे न टाकायला. मी चौकशी केली. कुणीतरी म्हणालं, मुंबईत इंग्लंडच्या कचेरीत लई मोठी रांग हाय, नंबर लागायला दोन वर्षं. मला बरं वाटलं. दोन वर्षांत कायम होईन, मग बघू. लगेच अर्ज टाकला. नवरा-बायकोची रांग वेगळी असती, हे मला कुणी सांगितलंच नाय. मुलाखतीचं बोलावणं एवढ्या लवकर आलं की पाकीट बघून मी ते शेजारच्याचं असंल म्हणून त्याला देऊन आलो.

मुंबईला जाताना मी ठरवलं. साहेबानं नाय म्हणावं. मी नाय म्हणलो असं नको, साहेब नाय म्हणाला असं व्हावं. मग सुमनला मला काय बोलता येणार नाय.

खोलीत एक गोरा साहेब आन दुभाषी बाई. साहेब कडक. बाईनं समजावलं, "साहेबांना बघायचंय, तुम्ही फक्त इंग्लंडला जाण्यासाठी लग्न केलंत का."

मग साहेबानं विचारलं. बाई म्हणाली, "तुम्हाला इंग्लंडमध्ये राहायला जायचं आहे का?"

खोटं बोलायची हिंमत नव्हती, आन नकारच पाहिजे होता. म्हणलं, "नाय."

बाईनं चष्म्यावरून बघितलं. "हेच सांगू त्यांना?"

"सांगा. मला भीती वाटती. थंडीची, विमानाची. इथं माझी नोकरी कायम व्हायची हाय. माय एकटी हाय. बायको इथं आली असती तर मी तिकडचं नाव घेतलं नसतं."

"मग आलात कशाला?" हे बाईनंच विचारलं, साहेबानं नाय.

"ती तिकडं हाय म्हणून," मी म्हणलो. आन काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी ठरवलं नव्हतं.

बाईनं सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेब ऐकत गेला आन त्याचा चेहरा बदलत गेला. शेवटी तो हसला, काहीतरी लिहिलं आन उठून माझा हात हातात घेतला. मला वाटलं निरोप देतोय.

"अभिनंदन," बाई म्हणाली. "साहेब म्हणतात, रोज माणसं येऊन इंग्लंडची स्तुती करतात. लग्नासाठीच लग्न केलेला माणूस आज बघितला. व्हिसा मंजूर."

मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. बाईनं पाणी दिलं.

घरी येऊन मी पुन्हा दिवस ढकलायला लागलो. शिक्क्याची मुदत संपत चालली. तशात नोकरी कायम झाली. मायनं एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं, "जायचं सोडून कामून बसलास?"

"तुझं कोण बघंल?"

"माझं मी बघते. तू गेला नाय तर तुझं तोंड बी मलाच बघावं लागंल. ते जास्त अवघड हाय." मग पदरानं डोळे पुसले आन म्हणाली, "जा लेकरा. भ्यायचं तर तिच्याजवळ जाऊन भी."

कारखान्यानं बिनपगारी रजा दिली. साळवेनं स्वेटर दिला. विमानात मी डोळे उघडलेच नाय, जेवण बी तसंच खाल्लं.

उतरल्यावर पुन्हा एक खिडकी, पुन्हा एक साहेब. त्यानं विचारलं, "किती दिवस राहणार?" एवढं इंग्रजी मला कळलं. पण भीतीनं डोकं रिकामं झालं आन तोंडातून गेलं, "फिफ्टीन डेज."

साहेबानं शिक्का बघितला. माझ्याकडं बघितलं. कायमचं राहायला येणारा माणूस पंधरा दिवस कसा म्हणतो? त्यानं मला बाकावर बसवलं आन बाहेरून सुमनला बोलावून आणलं. ती धावतच आली. अंगावर दवाखान्याचा गणवेश, केस विस्कटलेले. वर्षभर वाट बघून थकलेला चेहरा. साहेबानं तिला मी काय म्हणालो ते सांगितलं.

मग तिला विचारलं, "हे तुमचे मिस्टर आहेत का?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. स्वेटर उलटा घातलेला, डोळे अजून निम्मे मिटलेले.

आन त्या साहेबाला म्हणाली, "मला जरा वेळ द्या. विचार करून सांगते."