रिकाम्या रॅम्पचा फोटो

माझ्या नवऱ्याने आमच्या मुलीचे स्केटबोर्डवरचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा ती आठवीत होती. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून आम्ही दर रविवारी मेट्रोने नोएडाला जायचो. तिथे एका फ्लायओव्हरला लागून मुलांसाठी सिमेंटचे उतार आणि रॅम्प केलेले होते. अर्धा भाग पुलाच्या सावलीत, अर्धा उन्हात. मुलगी बोर्डवरून सावलीत शिरायची, उन्हात उडायची आणि परत सावलीत उतरायची.

नवरा मंत्रालयातल्या फायलींत आठवडा घालवणारा माणूस. पण रविवारी गळ्यात कॅमेरा आला की तो वेगळाच व्हायचा. गुडघ्यावर बसायचा, पोटावर झोपायचा. मुलीला म्हणायचा, "परत एकदा. आता तुझे दोन्ही पाय हवेत पाहिजेत." ती कंटाळायची नाही. परत वर चढायची.

मग त्याचे फोटो चुकायला लागले. बोर्ड दिसायचा, मुलगी फ्रेमच्या बाहेर. किंवा ती उतरून उभी राहिल्यावर क्लिक व्हायचं. तो म्हणायचा, "इथला प्रकाश बेकार आहे यार." मी ते खरं मानलं. संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर तो माझा दंड धरायला लागला, तेव्हा मात्र मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, आधी अंधारातलं जातं, मग कडेचं, मग हळूहळू मधलंही. उन्हातून सावलीत गेल्यावर आपले डोळे जुळवून घेतात, तसे याचे घेत नाहीत. उपाय नाही. बाहेर पडल्यावर नवरा बराच वेळ रिक्षा स्टँडपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ती सावलीत शिरते तेव्हा ती जातच नाही कुठे. मलाच दिसत नाही."

मुलीला इतक्यात सांगायचं नाही असं आमचं ठरलं.

त्या हिवाळ्यात तिथेच मुलांची एक छोटी स्पर्धा झाली. हवेत असताना बोर्ड पायाने पूर्ण फिरवून पुन्हा त्याच्यावर उतरायचं, हे ती कित्येक महिने शिकत होती. त्या दिवशी तिला ते जमलं. जमलं त्या क्षणी तिने आमच्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होते. नवरा कठड्याशी उभा राहून दुसऱ्याच दिशेला बघत होता. तिच्यासारखंच निळं हेल्मेट घातलेली एक मुलगी तिकडून रॅम्प उतरली, आणि तिच्यासाठी तो जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला.

परतीच्या मेट्रोत मुलगी त्याच्याकडेच बघत होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"बाबांना दिसत नाही ना?"

मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण लॅपटॉपवर दिसतं ना त्यांना? मोठं करून? मग तू काढ फोटो. घरी दाखवू."

म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. पण माझ्या फोटोंत सावलीतली मुलगी काळी पडायची, आणि ती उजळ करावी तर आकाश पांढरंफटक व्हायचं. नवऱ्याने मला एचडीआर शिकवलं. एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे, एक अंधारा, एक बेताचा, एक उजळ, आणि ते एकात एक मिसळायचे. मी तसे काढले, मिसळले, तर स्क्रीनवर आमच्या तीन मुली, एकीतून दुसरी दिसणाऱ्या, भुतासारख्या. मुलगी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. त्यालाही काहीतरी गडबड झाल्याचं दिसलं, आणि तोही हसला.

"हलणाऱ्याला एकदाच पकडायचं," तो म्हणाला. "आधी रिकाम्या रॅम्पचे तीन फोटो घे, कॅमेरा स्टँडवर ठेवून. ते मिसळ. मग तिचा उडीतला एकच चांगला फोटो त्यावर बसव, आणि तिचा चेहरा वेगळा उजळ कर."

ते जमायला मला बरेच रविवार लागले. जमलेला पहिला फोटो त्याने नाक स्क्रीनला टेकवून पाहिला. त्याची नजर एका छोट्या गोलाएवढी उरली होती, म्हणून तो तिला तुकड्या-तुकड्याने पाहायचा. बूट, गुडघा, कोपर, मग चेहरा. चेहऱ्यावर तो थांबला.

"जीभ बाहेर काढते अजून," तो म्हणाला. "अक्षरं गिरवताना काढायची तशीच."

मुलगी लाजली. पण त्यानंतर दर रविवारी घरी आलं की आधी मला लॅपटॉप उघडायला लावायची. हेल्मेट काढायच्या आधी.

असं वर्षभर चाललं. मी त्याच्यासाठी फोटो अधिकाधिक उजळ करत गेले, इतके की कुणालाही भडक वाटले असते. तो अजूनही वाकून बघायचा, पण आता बूट-गुडघा काही बोलायचा नाही. "छान आहे," एवढंच म्हणायचा. मुलगी विचारायची, "हात कसे होते, बाबा?" तो म्हणायचा, "बिल्कुल बरोबर."

एका रविवारी मी घाईत चुकीची फाइल उघडली. रिकाम्या रॅम्पचा, अजून मुलगी न बसवलेला फोटो. माझ्या लक्षात येईपर्यंत तो स्क्रीनवर वाकला होता.

"वा," तो म्हणाला. "किती वर गेलीस गं आज."

मुलगी त्याच्या पाठीमागे उभी होती. स्क्रीनवर सिमेंटचा उतार होता आणि पुलाचा खांब, बाकी काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हो बाबा. आज सगळ्यात उंच उडी होती."

"दिसतंय ना," तो म्हणाला.

ती बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ मोठा सोडला. मी लॅपटॉप मिटला. नवरा तसाच बसून राहिला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "काय होतं त्यात?"

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले. त्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मुलगी म्हणाली, गणिताचा क्लास आहे. त्याच्या पुढच्या रविवारी शाळेचं प्रोजेक्ट होतं. आता दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. स्केटबोर्ड बाल्कनीत कुंड्यांच्या मागे उभा आहे. मी एकदा म्हटलं, आपण दोघीच जाऊ. ती म्हणाली, "कशाला, आई?" आवाज चढवला नाही, साधंच विचारलं.

नवऱ्याला आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं. तो मला तिच्याबद्दल विचारतो, ती घरात नसताना. केस कापलेत का, चष्मा तर लागला नाही ना. परवा म्हणाला, "आता तुझ्या खांद्यापर्यंत आली असेल."

ती माझ्यापेक्षा उंच झालीय. मी त्याला तसं सांगितलं. त्याने हात वर करून हवेत एक उंची धरली आणि म्हणाला, "एवढी?"

मी त्याचा हात थोडा आणखी वर केला.