गाणारी बाई नाटकात जाते

माझा गळा चांगला आहे हे मला शाळेत कळलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढ्यात प्रार्थना सांगायला मला पुढं उभं करत. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आले, संत तुकाराम नगरात बिऱ्हाड केलं आणि तिथल्या महिला भजनी मंडळात शिरले. अजून त्यातच आहे. पेटी माझी मैत्रीण वाजवते, ती इथल्याच गावची. मी पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागं, असं पस्तीस वर्षं चाललंय.

आमचे मालक भोसरीला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये होते. आमच्या गावाकडं नवऱ्याला मालक म्हणतात. दुसरं काही म्हणायची मला सवय नाही. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचे, असं त्यांचं काम. तिथं आवाज एवढा की माणसं खुणांनी बोलायची. पण मालकांचा कान असा की मशीनच्या आवाजात जरा फरक पडला तर साचा झिजलाय हे ते लांबून सांगायचे. तोच कान ते माझ्या गाण्याला लावायचे. शुक्रवारी आमच्या घरी सराव असायचा. पहिल्या शिफ्टवरून आले की दारात खुर्ची टाकून बसायचे आणि बायका गेल्या की बोलायचे.

"दुसऱ्या अभंगाला घाई केलीस."

"वर गेलीस तिथं गळा घासला."

बरं झालं असं कधी म्हणाले नाहीत. मला राग यायचा. ज्या शुक्रवारी ते काहीच बोलायचे नाहीत त्या शुक्रवारी जास्त यायचा.

रिटायर झाल्यावर एकदा म्हणाले, "तू हल्ली वरचे सूर सोडलेस का?"

मी म्हटलं, नाही.

"सोडलेस. वर जातेस आणि नुसतं तोंड उघडून बसतेस. वय झालं तुझं."

त्यावरून आमचं जुंपलं. मी मैत्रिणीला म्हटलं, पेटी जरा वरच्या पट्टीत घे.

"कशापायी? आमचं गळं फाटत्याल की."

"मालकांना ऐकवायचंय."

"ह्या वयात?" ती म्हणाली. "नवीन लग्न झाल्यावानी कराय लागलीस तू."

तरी तिनं पट्टी वर घेतली. बायका करवादल्या, मी वर जाऊन ओरडले, आणि मालक दारातून म्हणाले, आता तर काहीच लागत नाही. दीड वर्ष मी त्यांच्याशी भांडले. माणूस मुद्दाम खोड काढतो असंच मला वाटत होतं. मग मुलगा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मशीनजवळ वर्षानुवर्षं काढलेल्यांचे वरचे आवाज आधी जातात, खालचे नंतर. म्हणजे मी वरचा सूर लावायचे तेव्हा मालकांना खरंच तोंडच दिसत होतं.

कानाचं मशीन आणलं. ते लावून ते एक शुक्रवार बसले. बायका गेल्यावर मशीन काढून हातात धरलं आणि म्हणाले, "ह्यात तू पत्र्यासारखी वाजतेस." ते कपाटात गेलं ते गेलं. पुढं खालचे आवाजही गेले. शुक्रवारी सरावाच्या वेळी ते खाली बिल्डिंगच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. बाकी बोलणं मोठ्यानं बोलून भागतं. गाणं मोठ्यानं गाऊन भागत नाही.

खरं सांगायचं तर मला माझंच वाईट वाटलं. चुका काढणारं कुणी उरलं नाही. मंडळातल्या बायका चुका काढत नाहीत, त्यांना घरी जाऊन भाकरी टाकायची घाई असते. मी कशीही गायले तरी छान झालं म्हणतात. असल्या छानाचं काय करायचं?

त्याच सुमाराला एक दिग्दर्शक आला. तो लातूरकडचा, चाकणला कंपनीत कामाला, आणि सुट्टी मिळेल तेव्हा हौशी नाटकं बसवणारा. नाटकात म्हातारी दोन ओळी गाते, म्हणून त्याला गाणारी म्हातारी पाहिजे होती. मंडळात विचारायला आला तर पेटीवालीनं माझ्याकडं बोट केलं. "हिला न्या. घरात रोजच करती, आता रंग लावून करंल."

दोन ओळी गायच्या म्हणून गेले. पंधरा दिवसांत मोठी भूमिका करणाऱ्या बाईचा गुडघा दुखावला आणि त्यानं तिचे कागद माझ्या हातात दिले. मला वाचता येतं, पण सावकाश. आणि नुसतं वाचलेलं डोक्यात राहत नाही. आजवर जे पाठ केलं ते चालीवर. म्हणून मी ते सगळं बोलणं एका अभंगाच्या चालीवर बसवलं. चार दिवसांत पाठ झालं. खुशीत तालमीला गेले.

मी पहिलं वाक्य म्हटलं. त्यानं डोक्याला हात लावला.

"काकू, तुम्ही बोलत न्हाईत, गाऊ लागलात."

"मग गाणारीच बोलावली होतीस ना?"

"अहो, सुनेला घराबाहेर काढायचाय हा सीन. तुम्ही तर आरती केल्यावानी काढू लागलात तिला."

सगळे हसले, मीही हसले. पण चाल काही सुटेना. चाल सोडली की शब्दही जायचे. वर माझी बोटं मांडीवर ताल धरायची, तेही त्यानं पाहिलं. मग तो मला हातात निवडायला मेथीची जुडी द्यायला लागला. ताल थांबला. रोज एक जुडी निवडून व्हायची आणि ती मी घरी आणायचे. दहाव्या दिवशी मालक ताटाकडं बघून म्हणाले, "नाटक कधी आहे? लवकर करा म्हणावं."

शेवटी दिग्दर्शकानं स्पष्टच सांगितलं. आठ दिवसांत बोलणं सरळ आलं नाही तर काम दुसऱ्या बाईला. मला काही वाटायचं कारण नव्हतं, मी काही नटी नव्हे. पण हातात घेतलेलं काम येत नाही म्हणून परत द्यायचं हे मला जमत नाही. मी मालकांना समोर बसवलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, सुनेचं तुम्ही वाचा, माझं मी म्हणते.

मालकांनी सुनेचं बोलणं कंपनीच्या फळ्यावरची नोटीस वाचावी तसं वाचलं. त्यांना माझं ऐकू येत नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघायचे. तोंड थांबलं की पुढचं वाचायचे. आणि मी चालीवर गेले की माझे ओठ मिटायचे, शब्द एकात एक जायचे, मग ते कागद खाली करायचे.

"काय?"

मी परत म्हणायचे.

"काय? कळलं नाही."

घरी त्यांच्याशी बोलायचं तर एकेक शब्द सुटा, तोंड त्यांच्याकडं करून बोलावा लागतो. तसं बोलले की कळायचं. चाल लागली की परत "काय?" आठ दिवस आम्ही हेच केलं. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणायची, आई, मला घराबाहेर काढताय असं शेजारच्यांना वाटतंय. आठव्या दिवशी मी सगळं बोलले आणि मालकांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. तालमीला गेले तर दिग्दर्शकानं मेथीची जुडी परत पिशवीत घातली.

चिंचवडच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. मालक दुसऱ्या रांगेत बसले होते. मला वाटलं, बिचारे दोन तास नुसते पंखे बघतील. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "सून बोलत होती तेव्हा पाठ का केलीस?"

"दिग्दर्शकानं सांगितलं होतं."

"चुकीचं सांगितलं. तिच्या बोलण्यानं तुला लागलंय की नाही, ते पाठीवर कसं कळणार? आणि शेवटी रडताना पदर फार वर घेतलास. तोंड दिसलं नाही."

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभीच राहिले. किती वर्षांनी माझी चूक काढली होती. पदराचं त्यांचं बरोबर होतं. पाठीचंही. पुढच्या प्रयोगाला मी पाठ केली नाही आणि दिग्दर्शकाशी भांडले.

तेव्हापासून जे नाटक आलं ते घेतलं. लोकांना वाटतं म्हातारपणी मला हौस आली. हौस गाण्याचीच आहे, आजही. नाटक मी मालकांसाठी करते, म्हणजे त्यांनी नावं ठेवावीत म्हणून.

नाटक बघून टीव्हीवाल्या एका बाईनं मालिकेत बोलावलं. शूटिंग महाळुंग्याला, एका शेतकऱ्याच्या घरात. मागं कंपनीची भिंत, पुढं ट्रकांची रांग, आणि मध्ये मालिकेवाल्यांनी तुळशीवृंदावन आणून ठेवलेलं. हॉर्न वाजला की शॉट परत. मी शेजारची म्हातारी. येऊन कुणाला तरी बोलून जायचं, एवढंच काम. महिन्याला चारपाच दिवस. संध्याकाळी सातला मालिका लागते. मालक सव्वासहालाच टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात. माझा प्रसंग झाला की लगेच निकाल सांगतात. "आज डोळे कॅमेऱ्याकडं गेले." "हातवारे कमी कर." एकदा तर म्हणाले, "त्या बाईला तू बोललीस ते मनापासून वाटलं. काय, खरंच आवडत नाही का ती?" खरंच आवडत नाही.

मंडळात मात्र मला टोमणे. शुक्रवारी उशीर झाला की पेटीवाली म्हणायची, "सरका गं, टीव्हीवाल्या बाई आल्या. सतरंजीवर बसवंल का तुम्हांस्नी, का खुर्ची आणू?" मी म्हणायचे, खुर्ची आण, गुडघे दुखतात.

मग मालिकेत लग्न निघालं. कुणीतरी मला सेटवर गुणगुणताना ऐकलं होतं. हळदीच्या आधी जात्यावर बसून शेजारची म्हातारी ओव्या म्हणेल असं ठरलं. माझ्या आईच्या ओव्या मी म्हटल्या, लेकीला सासरी धाडतानाच्या. सेटवर कुणी हललं नाही. फक्त दुसऱ्या ओळीत मालिकेच्या सहायक दिग्दर्शकानं मला हात केला, नवरीकडं बघा म्हणून, आणि माझा श्वास भलत्या ठिकाणी तुटला. परत घ्या म्हटलं तर म्हणाले, मस्त झालं आजी, चालतंय.

मंडळाला कळलं तशी पेटीवाली बदलली. भाग दाखवायच्या दिवशी पंधराच्या पंधरा बायका घेऊन घरी आली. बसायला जागा नव्हती. मालक पुढं, त्यांच्या खुर्चीत. सूनबाईनं आवाज मोठा केला.

मी जात्यावर बसलेली दिसले. तोंड उघडलं. आणि आवाज आला तो कुणा तरुण पोरीचा. गुळगुळीत, मागं बासरी, कुठं ओरखडा नाही.

पेटीवाली म्हणाली, "ही कोण भवानी?"

"तो माझा आवाज नाही," मी म्हटलं.

"ते आमाला सांगू नगंस. पस्तीस वर्सं पेटी कुणाच्या मागं वाजवली?"

सूनबाई म्हणाली, "आई, डबिंग करतात ते. सगळ्यांचंच करतात." मला सगळ्यांचं काय करायचंय? मला राग आला होता आणि पंधरा बायकांपुढं लाजही वाटत होती. एकजण म्हणाली, साडी मात्र चांगली नेसवलीय.

तेवढ्यात मालक खुर्चीतून मागं वळले. चेहरा रिटायर व्हायच्या आधीच्या शुक्रवारचा.

"दुसऱ्या ओळीत श्वास तोडलास," ते म्हणाले. "मधेच. गळ्याची शीर खाली गेली आणि परत वर आली."

पेटीवाली त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "भावजी, त्यो हिचा आवाज न्हवता. दुसऱ्या बाईचा व्हता."

"काय?"

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, गाणं दुसरीचं लावलंय.

त्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "तिथं बसून गात कोण होतं?"

"मीच."

"मग मी तेच म्हणतोय. तोडलास."

"त्यानं हात केला म्हणून तुटला."

"हात केला तर केला. ओळ पुरी करायची आणि मग बघायचं."

बायकांसमोरच आम्ही भांडलो. सूनबाईनं चहा टाकला. पेटीवाली जाताना दारात म्हणाली, "त्या पोरीच्या आवाजाखाली तुझी एक चूक सापडली, ती बी भावजींनाच." ती हसत होती, पण डोळे पुसत होती. मला तसलं जमत नाही, मी कपबश्या उचलल्या.

पुढच्या शूटिंगला महाळुंग्याला गेले तेव्हा त्या सहायकाला बाजूला घेतलं. म्हटलं, मी गात असले की मध्ये हात करायचा नाही, ओळ संपू द्यायची.

तो म्हणाला, "आजी, आवाज तर आपण नंतर दुसराच लावतो. एवढा काय फरक पडतो?"

मी म्हटलं, तुम्हाला पडत नसेल. आमच्या घरी बघणारा माणूस आहे.