सात नंबरच्या खाटेवरचं टेंपरेचर

जो माणूस खाटेवर नव्हताच, त्याचं टेंपरेचर मी अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा असं लिहिलं. नाडी ब्याऐंशी, श्वास वीस. खाली सही केली. सही सुरेख आली होती.

याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सवलत देणं आहे. चूक नकळत होते. मी हे टेबलाशी बसून, दौत-टाक घेऊन, रेघा पट्टीने आखून केलं होतं.

त्या काळी मी एका बारा खाटांच्या सरकारी हॉस्पिटलात पुरुष नर्स होतो. मालवणपासून खाली, समुद्राला अगदी चिकटून ते गाव. मुंबईत तीन वर्षांचा कोर्स करून आलेल्या पुरुष नर्सला काय म्हणायचं हे गावाला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलात ‘ब्रदर’ म्हणत. ते ऐकून गावातली निम्मी माणसं मला पाद्री समजत आणि माझ्यासमोर शिव्या गिळत. माझी आई सावंतवाडीत सगळ्यांना ‘झील डॉक्टरांच्या हाताखाली आसा’, म्हणजे मुलगा डॉक्टरांकडे कामाला आहे, एवढंच सांगे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठे.

नोकरीला आठ महिने झाले होते. वर्षभराचं प्रोबेशन होतं, म्हणजे चार महिने सांभाळले की मी पक्का. तोवर साहेबाच्या एका ओळीवर घरी.

आता टेंपरेचरचं सांगतो. प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास ठरलेल्या वेळी मोजून चार्टवर मांडायचे, याला आम्ही टीपीआर म्हणतो. थर्मामीटर जिभेखाली पूर्ण तीन मिनिटं. मग लोशनमध्ये धुवायचा, झटकून पारा खाली आणायचा, पुढची खाट. आमच्याकडे थर्मामीटर दोन होते. एक मी झटकताना खाटेच्या दांड्यावर झटकला. त्यानंतर एक राहिला. बारा पेशंट आणि एक थर्मामीटर म्हणजे पाऊण तास उभं राहून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं. चोविसाव्या वर्षी माणसाला याहून महत्त्वाची कामं असतात असं वाटतं.

आमच्या इन-चार्ज सिस्टर फर्नांडिस. वेंगुर्ल्याच्या. अंगाने लहान, आवाजाने नव्हे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “चार्ट म्हणजे पेशंटचा जबाब, ब्रदर. आपण फक्त लिहून घ्यायचा. त्याच्या वतीने बोलायचं नाही.” मी मान डोलावत असे.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारी अडीचच्या एसटीच्या ड्रायव्हरने बातमी आणली, की सिव्हिल सर्जन साहेबांची जीप कसालला चहाला थांबली आहे आणि तोंड आमच्या बाजूला आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी हॉस्पिटलांवर या साहेबांची नजर. आमचे डॉक्टर नेमके मालवणला कोर्टात साक्षीला गेलेले. सिस्टरनी पदर खोचला आणि कामं वाटली. चादरी बदला, बाटल्यांच्या चिठ्ठ्या पुढे करा, शौचालयात फिनेल. “आणि ब्रदर, चार्ट. साहेब आधी चार्ट बघतात.”

मी चादरी बदलल्या. बाटल्या फिरवल्या. फिनेल स्वतःच्या चपलेवरही ओतलं. तीन वाजून गेले आणि चारच्या टीपीआरला हात लागला नव्हता. तेव्हा मी टेबलाशी बसलो आणि सकाळचे आकडे बघून बारा जणांना दुपारचे आकडे वाटले. यात थोडी कला असते. सगळ्यांना सारखा आकडा दिला तर पकडले जातो. मी कुणाला दोन पॉइंट वाढवले, कुणाचे एक कमी केले. तीन नंबरच्या म्हाताऱ्याच्या पायाचं गळू नुकतंच कापलं होतं, त्याचा चेहरा गरीब होता, म्हणून त्याला नॉर्मल दिला.

सात नंबरला वासू तांडेल होता. पन्नाशीचा मच्छीमार, टायफॉइडचा तिसरा आठवडा संपत आलेला. चार दिवस ताप नव्हता. पण या रोगात ताप उतरला तरी आतड्याच्या आत जखमा असतात आणि आतडं ओल्या कागदासारखं झालेलं असतं. जोर केला, जड खाल्लं, तर फाटतं. मग डॉक्टर हाताशी असूनही काही करता येत नाही. म्हणून वासूला पेज आणि खाट एवढंच. खाट खिडकीशी होती, खिडकीतून समुद्र. तीन आठवडे तो पाण्याकडे बघत पडला होता. मी टेबलावरून मान वळवून बघितलं तर सात नंबर डोक्यापर्यंत कांबळं ओढून निजलेला. टायफॉइडवाल्याला झोप चांगली. मी त्याला उठवलं नाही. दयाळूपणे ९८.६ लिहिलं.

साहेब आले ते थेट वॉर्डात. उंच, शांत माणूस. असे जास्त वाईट. एकेक चार्ट उचलत सातपाशी थांबले.

“सुंदर चार्ट आहे. कोणी ठेवला?”

“मी, सर.”

“अक्षर छान. रेघा सरळ.” त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. “एकच गोष्ट कळली नाही. यावर चारचं टेंपरेचर आहे. आता चारला वीस मिनिटं कमी आहेत.”

मी म्हणालो, “सर, आज जरा लवकर घेतलं.”

“बरं.” त्यांनी कांबळ्याखालून पेशंटचा हात बाहेर काढला आणि नाडीवर बोटं ठेवली. हाताबरोबर अर्धा डझन हिरव्या बांगड्या खळखळत बाहेर आल्या.

साहेबांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. मग हात खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

“एकशे बारा. तुम्ही ब्याऐंशी लिहिलीय. आणि वासुदेव नावाचा माणूस बांगड्या कधीपासून भरतो?”

सिस्टरनी कांबळं ओढलं. खाली वासूची बायको सरस्वती. गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून.

“माका ताप नाय, सायबानू,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मी फकत पडलंय.”

सिस्टर एरवी वॉर्डात शुद्ध बोलायच्या. तेव्हा मालवणीत नवऱ्याची चौकशी केली. “तुझो घोव खंय?”

“रापणीर. खिडकीतसून पाणी काळा दिसला तेंका. म्हणाले, बांगडे इले, कोणाच्याच ध्यानात येवक नाय, मी सांगान येतंय. तू पड हंयसर.”

“आणि तू पडलंस?”

“घोव सांगता म्हणान पडलंय. ह्या ब्रदरान हंय बघल्यान, काय बोलाक नाय. माका वाटला, हेंका चलता.”

साहेब खिडकीशी गेले. किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दिसत होत्या. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “ब्रदर, तिथे त्याचं आतडं फाटलं, तर संध्याकाळच्या रकान्यात काय लिहाल?”

इतका वेळ मला नोकरीची भीती वाटत होती. त्या क्षणी नोकरी डोक्यातून गेली. सकाळी वासूने मला विचारलं होतं, नातवाला बघायला कधी सोडशील. मी म्हटलं होतं, आठ दिवसांत.

मी स्ट्रेचर उचलला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते सरस्वतीने धरलं. ती पुढे, मी मागे. वाळूत ती पळत होती आणि मी तिच्या मागून ओढला जात होतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई नवऱ्याला आणायला नव्हे, मला पोचवायला निघाली आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते, दोन टोकांचे दोर वाळूवर येतात, आणि दोन रांगांतली माणसं मागे-मागे चालत ते ओढतात. दोन्ही रांगा सारख्या चालल्या पाहिजेत. एक ढिली पडली तर मासे त्या बाजूने निघून जातात. कोणती रांग ढिली पडतेय हे ओढणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी उंचावर एक जाणता उभा लागतो. तिथे तो वासू होता.

तो उपड्या होडीवर उभा राहून पंचा हलवत होता. पाय लटपटत होते, तोंड पांढरं. आम्ही पोचलो तेव्हा तो खाली उतरून डावीकडच्या दोराला हात घालणार होता.

“तात्यानू, दोराक हात लावू नकात,” मी ओरडलो. “आतडा फाटात.”

“आतडा माझा आसा. जाळा सगळ्यांचा आसा,” वासू म्हणाला. “हे रांगेत एक माणूस कमी आसा. डावी बाजू ढिली पडता. तू आतड्याचा काय सांगतस?”

“माणूस मी आणतो.”

“खंयसून? सगळे हंयच आसत.”

सरस्वतीने स्ट्रेचर खाली टाकला आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्यो आसा मां.”

वासूने मला चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं. “सावंतवाडीचो मां तू? रापण कधी वडलंस?”

“नाय.”

“मासळी तरी वळखतस?”

“ताटात.”

रांगेतले हसले, आणि हसताना दोर आणखी ढिला पडला. वासूला वाद घालायला वेळ राहिला नाही. मी अट घातली: स्ट्रेचर होडीवर आडवा टाकायचा, त्याने त्यावर पडून बघायचं, हात फक्त हुकूम द्यायला वर करायचा. त्याने अट घातली: मी त्याच्या जागी दोर धरायचा, जाळं वाळूवर येईपर्यंत. दोघांनी मान्य केलं. सरस्वती त्याच्या उशाशी बसली आणि तो उठायला लागला की खांदा धरून दाबत राहिली. नर्सिंग तिला माझ्यापेक्षा बरं जमत होतं.

मी इस्त्रीच्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये तासभर मागे-मागे चाललो. दोन वेळा बसलो, एकदा आडवा झालो. माझ्या पुढचा माणूस दर वेळी म्हणे, “ऊठ ब्रदरा, पेशंट बघता.” जाळं शेवटी आलं. आत बांगडे इतके, की वाळूच हलतेय असं वाटत होतं. वासू स्ट्रेचरवर पडून रडला की हसला ते मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत घाम होता.

चौघांनी त्याला खांद्यावरून हॉस्पिटलात आणलं. साहेब स्टुलावर बसून होते. त्यांनी वासूचं पोट चारी बाजूंनी दाबून बघितलं, नाडी मोजली. मग म्हणाले, “पोट मऊ आहे. दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा.” आणि मला म्हणाले, “आता टेंपरेचर घ्या. बाराही. घड्याळ मी बघतो.”

पाऊण तास मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो आणि साहेब घड्याळाकडे. सुरुवात वासूपासून केली. त्याला खरोखरच अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा निघाला. मी सिस्टरकडे जरा विजयाने बघितलं. त्या बघत नव्हत्या. पुढे तीन नंबरपाशी त्यांनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतला आणि उजेडात धरला.

एकशे दोन पॉइंट आठ. ज्या म्हाताऱ्याला मी गरीब चेहऱ्यापायी नॉर्मल दिला होता, त्याच्या पायात पू परत भरत होता. साहेबांनी तिथल्या तिथे जखम उघडली, पेनिसिलीन सुरू केलं. म्हातारा वाचला, पायही वाचला. माझ्या आकड्यावर विसंबून ती रात्र काढली असती तर काय झालं असतं, हे कुणी मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मेमो आला. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. आईने शेजाऱ्यांना सांगितलं, की झिलाचं काम साहेबांना इतकं आवडलं, की आणखी सहा महिने बारकाईने बघणार आहेत. त्यानंतर नोकरीची सगळी वर्षं मी तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं धरली. सद्गुण म्हणून नाही. थर्मामीटर हातात घेतला की कानात बांगड्या वाजायच्या.

पण एका गोष्टीचा मला अभिमान होता. माझ्या दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते. सिस्टरनी पट्ट्या बांधल्या आणि मी त्या गरजेपेक्षा चार दिवस जास्त ठेवल्या. येईल त्याला दाखवायचो. चार्ट खोटा असेल, पण रापण ओढली ती खरी, हा घ्या पुरावा.

वासूला पोटात काही झालं नाही. त्याला घरी सोडायच्या दिवशी मी त्याच्यापुढेही हात पसरले. “बघितलात तात्यानू? तुमच्यापायी.”

त्याने माझे तळवे उजेडाला धरले. पाण्याकडे बघायचा तसे बघितले. सरस्वती गाठोडं काखेत घेऊन दारात उभी होती.

“वडणाऱ्याच्या हाताक फोड येणत नाय, ब्रदरा,” तो म्हणाला. “दोर हातातसून सरकलो, की येतत. माका होडयेरसून दिसत होता. तू नुसतो धरून फाटी-फाटी चलत होतस. जसो चार्ट लिवतस, तशीच रापण वडलंस.”