नाळेवरची वाळू

भोईवाड्यात भिवाच्या जिभेला सगळे वचकून असत. नळावर बायांची जुंपली की कुणीतरी म्हणायची, "गप बसा गं, भिवादादा येतोय." शाळा त्यानं चौथीत सोडली, पण वाचणं सोडलं नाही. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पत्रकं, वाण्याच्या पुडीचा पेपर, जे हाती येईल ते वाचलं आणि वाचलेलं चौकात उभं राहून लोकांना ऐकवलं. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या सभेला मोठा वक्ता उशिरा येणार असला की त्याचा दोस्त धोंडू त्याला टेबलावर चढवायचा. माईक नसला तरी याचं अडत नसे. पोलिसांची गाडी दिसली की बाकीचे आवाज खाली आणत, हा वर नेई.

जिभेसारखाच हातही धारदार. माझगावच्या एका खाजगी गोदीत तो आणि धोंडू दोघंही सुतार. तिथं पडाव, मचवे, छोट्या लाँच बांधत. गोदीच्या मालकाला सगळे शेट म्हणत. शेटनं विलायतेत जहाजांचं शास्त्र शिकून आलेला एक इंजिनियर ठेवला होता, हेमचंद्र कर्णिक. दादरचा, चष्म्याचा, बोलताना समोरच्याकडं न बघता पाण्याकडं बघणारा माणूस. त्यानं जुन्या कोठारात लांबलचक सिमेंटचा हौद बांधून घेतला. जी लाँच बांधायची तिचं हातभर लांबीचं लाकडी पिल्लू आधी करायचं, दोरीला बांधायचं, दोरी कप्पीवरून घेऊन तिला वजन लटकवायचं. वजन खाली जाई, पिल्लू पाण्यातून पुढं धावे. किती वजनाला किती वेगानं धावलं यावरून कर्णिकसाहेब खऱ्या लाँचला किती ताकदीचं इंजिन लागेल ते काढत. ही पिल्लं करायचं काम भिवाचं. त्यात त्याचा हात धरणारा गोदीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

निवडणुकीत समिती जिंकली त्या साली कोकणातल्या एका खाडीसाठी लाँचचं काम आलं. अलीकडच्या गावातून पलीकडं माणसं न्यायची. पलीकडचं गाव म्हणजे भिवाच्या बायकोचं, बकुळाचं माहेर.

"माझी आय पयली बसंल लाँचीत," बकुळा भाकरी थापता थापता म्हणाली. "आनि सांगंल समद्यांना, माज्या जावयानं केली म्हनून."

"जावयानं पिल्लू केलं. लाँच दुसरेच करणार."

"पिल्लाशिवाय गाय व्हती का?"

भिवाला हसू आलं. आणि त्यानं ते पिल्लू असं केलं की बोट फिरवावं तर घसरून खाली यावं. सात वेळा पॉलिश पेपर, वर रंग, रंगावर पुन्हा घोटाई. संध्याकाळी दोन्ही हातांनी नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी धरून त्यानं ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि सभेला गेला.

सकाळी येऊन बघतो तर नाळेच्या जरा मागं, पोटाला वळसा घालून, वाळूचा पट्टा. बोटभर रुंद, खरखरीत, लाखेनं चिकटवलेला. बरोबर जिथं त्याचे हात लागले होते तिथं.

"हे कुणाचं काम?"

"साहेबांचं," धोंडू म्हणाला. "काल सवता लावत बसले होते. मला हात लावू दिला नाही."

भिवाच्या डोक्यात तिडीक गेली. गिरगावात एका फर्निचरवाल्याकडं तो आधी कामाला होता. तिथं पाणी प्यायला की मालकाची आई तो तांब्या त्याच्यासमोर राखेनं आणि वाळूनं घासायची, मग चुलीच्या जाळावर धरायची. त्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, देव बुडवले, पण तो वाळूचा आवाज कानातून गेला नव्हता. हात लावू दिला नाही म्हणे! माझे हात लागले तिथंच वाळू!

"ह्यांची विलायत गेली चुलीत," तो म्हणाला. पटाशी घेतली, पट्टा खरवडला, जागा घोटली, रंगाचा हात मारला. रंग वाळल्यावर पिल्लू स्वतः नेऊन हौदात सोडलं. पट्टा असता तरी पाण्याखालीच असता, म्हणून तो नाही हे कळण्यासारखं नव्हतं. साहेब घड्याळ घेऊन पलीकडच्या टोकाला उभे होते.

पिल्लू असं धावलं की साहेबांनी टाळीच वाजवली.

"भिवा! अरे काय हात आहे तुझा! शेट म्हणाले त्यापेक्षा लहान इंजिन चालेल." आणि डबा उघडून त्यातली कोथिंबीर वडी त्याच्या पुढं केली, स्वतःही त्याच डब्यातली खाल्ली. भिवानं वडी खाल्ली. पण मन म्हणालं, एका वडीनं काय होतं? असले लई पाहिलेत.

आठवड्यानं शेट हौद बघायला आले. लहान इंजिन म्हणजे खर्च कमी, त्यामुळं खुशीत. कर्णिकसाहेब त्यांना समजावत होते आणि भिवा बाजूला दोऱ्या गुंडाळत होता.

"लहान पिल्लाला पाणी फसवतं, शेट. त्याच्या अंगावरून गुळगुळीत सरकून जातं. खऱ्या लाँचच्या अंगावरून ते असं सरकत नाही, घुसळतं, ओढ धरतं. म्हणून पिल्लाच्या नाळेला वाळू लावायची. पाणी तिथंच घुसळलं की पिल्लू खरं बोलायला लागतं."

"नाही लावली तर?"

"खोटं बोलेल. कमी इंजिन पुरेल म्हणेल. मग ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर ओढणार, इंजिन कमी पडणार, आणि लाँच माणसांसकट खडकावर."

भिवाच्या हातातली दोरी सुटली.

पुढचे काही दिवस तो नुसता हिंडला. सांगायचं तर काय सांगायचं? पट्टा काढला, हे सांगणं सोपं. का काढला, हे सांगायचं म्हणजे ज्यानं डब्यातलं दिलं त्याच्या तोंडावर म्हणायचं की मी तुम्हाला त्या म्हातारीच्या रांगेत बसवलं. आणि मनात एक हलकट विचारही होता, लहान इंजिन कदाचित पुरेलही.

"सभेत वाघ, घरात मुकं मांजर," बकुळा म्हणाली. "काय झालंय? आयला कळवलंय मी, दिवाळीला लाँच येनार."

त्या वाक्यानं तो उठला. म्हातारी सासू, डोक्यावर गाठोडं, लाँचच्या कडेला बसलेली, असं काहीबाही दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी इंजिनाची ऑर्डर जायची होती. सकाळीच त्यानं साहेबांना कोठारात गाठलं.

"साहेब, वाळू मी काढली."

"कसली वाळू?"

"नाळेवरची. मला वाटलं, माझे हात लागले म्हणून तुम्ही..." त्यानं नुसते हात पुढं केले. पण साहेबांना कळलं. ते दादरला राहत होते, चंद्रावर नव्हे.

आधी त्यांचा चेहरा लाल झाला. "गाढवा! एकदा विचारायचंस तरी! माणसं मेली असती!" भिवा कुणाचं ऐकून घेणारा नव्हता, पण तेव्हा मान खाली घालून उभा राहिला. उलट त्याला बरं वाटलं, आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं वाटलं असतं. पण साहेब हौदातल्या पाण्याकडं वळले. मग हळूच म्हणाले, "मीही सांगायला हवं होतं, काय लावतोय ते. चल, वाळू आण."

पुन्हा पट्टा लागला, पुन्हा वजन सोडलं. पिल्लू त्या दिवसासारखं धावेना, जड जड चाललं. इंजिन मोठंच हवं होतं.

दोघं शेटच्या खोलीत गेले. शेट भडकले. गिऱ्हाइकाला लहान इंजिनाचा शब्द देऊन झाला होता.

"ही चूक झाली कुणाची?"

भिवानं तोंड उघडलं. त्याआधीच साहेब म्हणाले, "माझी. वाळू लावायचं मी विसरलो."

"विसरलात? शिकायला विलायतेला गेलात ते हेच विसरायला?"

भिवा तिथंच उभा होता. मोर्च्यात जातो म्हणून शेटचा त्याच्यावर आधीपासून राग, हे साहेबांना माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. चौकात पोलिसांच्या काठ्यांसमोर जो आवाज फुटायचा, तो त्या खोलीत फुटला नाही. बकुळा, चाळीची खोली, गेटावर कामासाठी उभी असलेली माणसं, सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि तो दरवाज्याच्या कडीकडं बघत राहिला.

शेटनं साहेबांकडून हौद काढून घेतला. वरच्या मजल्यावर दुसऱ्यांची ड्रॉइंगं उतरवत बसायला लावलं.

महिनाभर भिवानं ते पाहिलं. मग एका दुपारी न बोलावता शेटच्या खोलीत शिरला. "शेट, चूक माझी होती. वाळू मी खरवडली. साहेबांनी मला वाचवलं."

शेटनं त्याच्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "शाबास! कर्णिकनं पाठवलं का तुला? तुम्ही चळवळवाले लई पक्के. दुसऱ्याची लफडी बरोबर अंगावर घेता."

"शेट, खरं सांगतोय!"

"खरं असतं तर त्याच दिवशी बोलला असतास. तू काय गप्प बसणाऱ्यातला आहेस? जा, काम कर."

जिना उतरताना साहेब भेटले. त्यांनी वर पाहिलं, याच्याकडं पाहिलं. "सांगितलंस वाटतं."

"पटलं नाही त्यांना."

"पटणार नाहीच आता." साहेब चष्मा पुसत म्हणाले. "उगाच नोकरी घालवशील. जा, चहा पी." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर निघून गेले. तो हात भिवाला अंगावरचा मार वाटला.

संध्याकाळी भायखळ्याला सभा होती. मोठा वक्ता आला नव्हता. धोंडूनं दोनदा त्याचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिवा कट्ट्यावरून उठला नाही.

"काय भिवादादा, आवाज बसला काय आज?"

"बसला असता तर बरं होतं रे," भिवा म्हणाला. "माझा आवाज नको तिथं उठतो, आणि हवा तिथं बसतो."

धोंडूला वाटलं, हा थट्टाच करतोय. तो हसला, आणि दुसऱ्या कुणाला तरी टेबलावर चढवायला गेला.