आधी पेन लावणाऱ्या शैलाताई

कापायच्या मशीनमध्ये शैलाताई आधी स्केचपेन लावायच्या, हत्यार नंतर. जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, पुठ्ठा चिकटवायचा, पेनाचं टोक त्याला टेकवायचं आणि प्रोग्राम सोडायचा. मशीन पुठ्ठ्यावर चित्र काढायचं आणि त्या कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. शेठ म्हणायचे, "बाई, हा कारखाना आहे, चित्रकलेचा वर्ग नाही." त्या मान न वळवता उत्तर द्यायच्या, "पुठ्ठा फेकता येतो, शेठ. लोखंड परत भरून येत नाही."

लोअर परळच्या आमच्या गाळ्यात त्या आकड्यांच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम करायच्या. कापून झालेल्या जॉबच्या कडा मी कानशीने घासते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून त्या मला ‘मुके’ अशी हाक मारायच्या आणि दिवसभर माझ्याशीच बोलायच्या, तेही मालवणीत. गेल्या वर्षी त्या आजारपणात गेल्या. आता गाळ्यात मला कोणी हाक मारत नाही.

मशीनकडून गोल कसा काढून घ्यायचा ते मला त्यांनीच सांगितलं होतं. "तीन गोष्टी व्हयत. खंयसून निघाचा, खंय पोचाचा आणि मधलो खुंटो खंय. दोरी बांधलेली बकरी कशी फिरता, तशी. खुंटो चुकलो की बकरी दुसऱ्याच्या शेतात." कुठून निघायचं, कुठे पोचायचं आणि मधला खुंटा कुठे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण हे मला पटकन कळलं.

एकदा भाऊच्या धक्क्यावरचा, बोट चालवणारा एक तांडेल आपल्या बोटीच्या पंपाचं बिडाचं झाकण घेऊन आला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा तो पंप. त्याच्या झाकणाला बोल्टसाठी एक कान होता आणि त्या कानाशेजारून गोल कापायचा होता. पंप इतका जुना की तसं दुसरं झाकण कुठेच मिळत नव्हतं. "ताई, हे बिघडलं तं बोट किनाऱ्यालाच," तांडेल म्हणाला आणि स्टुलाच्या कडेवर टेकला. दुपारच्या भरतीला त्याला निघायचं होतं.

दुसऱ्या बोटीचं असंच एक झाकण शैलाताईंनी आधी आमच्या जुन्या मशीनवर केलं होतं. तोच प्रोग्राम त्यांनी नव्या मशीनवर घेतला आणि पेन लावलं. सरळ रेघा नीट आल्या. गोल सुरू व्हायच्या जागी मशीन थांबलं, लाल दिवा लागला. अलार्म.

त्यांना वाटलं, दिशा उलटी पडली असेल. घड्याळाच्या काट्यासारखं फिरायची आज्ञा बदलून त्यांनी काट्याच्या उलट फिरायची दिली. पुन्हा अलार्म. शेठ केबिनमधून बाहेर आले.

"त्या अलार्मची सूट वाढव ना, थोडा फरक चालवून घेऊ दे त्याला. मशीन गप्प बसेल."

"मशीन गप्प बसेल, चूक नाही बसणार."

"जुन्या मशीनवर हाच प्रोग्राम चालला होता की नाही?"

"चालला होता, म्हणून तर डोकं फिरलंय माझं."

"डोकं नंतर फिरव. तो माणूस भरतीसाठी ताटकळलाय. तुला जमत नसेल तर मी सूट वाढवतो."

शेठनी बटणांकडे हात नेला. शैलाताई मध्ये उभ्या राहिल्या. "झाकण बिघडलं तर त्याच्या बोटीवर तुम्ही पाणी ओढणार काय बालदीने?" तांडेल उठून उभा राहिला. माझ्या हातातली कानस कधीच थांबली होती.

शेठ हात मागे घेऊन बघत राहिले. शैलाताई आकडे पुटपुटू लागल्या आणि मध्येच वळल्या. "मुके, खुंटो! जुना मशीन खुंटो झाकणाच्या कोपऱ्यापासून मोजी. ह्या मोजता हत्यार उभा आसा थयसून!" नवं मशीन खुंटा हत्याराच्या जागेपासून मोजत होतं, म्हणून त्यांनी गोलाच्या मधल्या बिंदूचे आकडे बदलले. पडद्यावर प्रोग्राम तपासून पाहिला, लाल दिवा लागला नाही. शेठनी मोठा श्वास सोडला, "झालं एकदाचं. काढ ते पेन, लाव हत्यार."

"पेन आधी," शैलाताई म्हणाल्या.

पेन सरळ रेघेने आलं, गोलाच्या तोंडाशी पोचलं आणि भलत्याच बाजूला वळलं. लांबचा फेरा घेत ते थेट कानावरून गेलं. अलार्म नाही, काही नाही. हत्यार असतं तर कान तुटून पडला असता. शैलाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मघाशी बदललेली दिशा पुन्हा सुलटी करायची राहिली होती.

"ही मशीनची चूक नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझी. दिशा मीच फिरवून ठेवलेली." शेठनी वाकून पुठ्ठ्यावरची ती रेघ बघितली.

दिशा सुलटी केली, नवा पुठ्ठा लावला. या वेळी पेन कानाला वळसा घालून गेलं. मग हत्यार चढलं. बिडाचा काळा भुगा उडत होता आणि गोल पुरा होईपर्यंत शैलाताईंचं बोट मशीन थांबवायच्या लाल बटणावर होतं. मी कडा घासून दिल्या. तांडेल झाकण उराशी धरून टॅक्सीकडे पळाला.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने फोन आला. तांडेलाचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, "ताई, पानी मारतंय बग! धो धो!"

"कधीपासून चालू आसा?"

"आत्ताच चालू केला."

"मग चालूच ठेव. इंजिन नीट गरम होऊ दे, झाकणातून थेंब गळता काय बघ, आणि मग फोन कर." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "काय गो मुके, भूक लागली." मी त्यांचा डबा काढून समोर ठेवला. तो त्यांनी दुसरा फोन आल्यावरच उघडला.