गुरुवारचं घावन

आमच्या पेणच्या तपासणी सेंटरला गुणवत्तेची मान्यता मिळवायची असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मी केली. न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन तपासणी करायच्या विभागात तंत्रज्ञ मी एकटीच, म्हणजे फायली माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. डॉक्टर मात्र हटून बसले. आमचा रिपोर्ट घेऊन पेशंट मुंबईला गेला की तिथले लोक तो बाजूला ठेवायचे आणि तीच तपासणी पुन्हा करायला लावायचे. मान्यता असती तर आजारी माणसांची ती फरफट वाचली असती. हे पटल्यावरही मी कुरकुर सोडली नाही, स्वभावच तसा आहे.

मी रोह्याची. सकाळी एसटीने पेणला यायचं, शरीरातलं ते औषध टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याची रोजची चाचणी करायची आणि मग औषधाच्या गाडीची वाट बघत बसायचं. किरणोत्सारी औषध बर्फासारखं असतं, वाटेतच संपत जातं. गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली की माझा जीव वरखाली व्हायचा. मदतीला एक मावशी होत्या. खाडीकडच्या गावातून यायच्या, साफसफाई करायच्या, आणि सुईला घाबरलेल्या पेशंटला बोलण्यात गुंतवून ठेवायच्या. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमच्याकडे पोटाची एक तपासणी होते. खाल्लेलं अन्न जठरातून किती वेळात पुढे सरकतं ते बघायचं असतं. त्यासाठी औषध अंड्यात कालवून मायक्रोवेव्हमध्ये शिजवायचं आणि पेशंटला खायला द्यायचं. मग चार तास थोड्या थोड्या वेळाने कॅमेऱ्यासमोर उभं करायचं. सोपं काम आहे. पण तिचं औषध गाडीतून गुरुवारीच यायचं, म्हणून ही तपासणी आम्ही ठेवली होती गुरुवारी.

गुरुवारी आमच्या तालुक्यात अंडं कोण खातं? पहिल्याच बाईंनी बशी बाजूला सारली. “आज गुरवार हाय. मी नाय खायाची.” मी समजावलं, थोडी चिडलेही. त्या उठून चालायला लागल्या. तेव्हा मावशींनी तोड काढली. डब्यातून तांदळाचं पीठ आणलं, कालवलं आणि माझ्यापुढे धरलं. “यात घाल गो बाय तुझा औषध. घावन करून देऊ.” औषध पिठात गेलं, बाईंनी घावन खाल्लं, तपासणी झाली. मग तो रिवाजच पडला. मायक्रोवेव्हमध्ये घावन धड होत नाही, म्हणून मी विजेचा छोटा तवा आणून औषधाच्या खोलीत ठेवला. फॉर्मवर ‘ठरलेला आहार दिला’ असं छापलेलं होतं, त्यापुढे बरोबरची खूण करत गेले. खोटं लिहितेय असं एकदाही मनात आलं नाही. उलट आपण पेशंटची किती काळजी घेतो याचं कौतुकच वाटायचं.

मान्यतेसाठी तपासायला आलेले डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. कॅमेऱ्याच्या नोंदी, कचऱ्याच्या नोंदी, माझ्या छातीवरच्या किरणमापक बिल्ल्याचे रिपोर्ट, सगळं त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती. मग ते औषधाच्या खोलीत गेले आणि थांबले.

“हा तवा कशाला?”

काहीतरी सारवासारव करायला मी तोंड उघडलं, पण दारात मावशी उभ्या होत्या. “घावनांचा हाय, सायेब. गुरवारचा.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग त्यांनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. पीठ किती पातळ लागतं तेसुद्धा. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की जमीन दुभंगून एक तर मी नाहीतर त्या आत जावं असं वाटलं.

ते डॉक्टर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “औषध अंड्याला धरून राहतं हे माहीत आहे. घावनाला धरून राहतं का, हे तुम्ही कधी तपासलंत?”

नव्हतं तपासलं. त्यांनी मला तिथेच बसवून समजावलं. औषध पोटात घावनापासून सुटलं तर पाण्याबरोबर भराभर पुढे निघून जाणार. कॅमेऱ्याला दिसतं ते औषध, अन्न दिसत नाही. म्हणजे अन्न पोटात तसंच तुंबलेलं असलं तरी आमचा रिपोर्ट नॉर्मल येणार. मान्यतेचा निर्णय त्यांनी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एक घावन आणि एक अंडं, दोन्ही औषध घालून शिजवलं आणि पोटातल्यासारख्या आंबट पाण्यात भिजत ठेवलं. काही तासांनी गाळून मोजलं. अंड्यातलं औषध अंड्यातच होतं. घावनातलं बरंचसं पाण्यात उतरलं होतं. मी पुन्हा मोजलं. मग खुर्चीत बसून रडले. मावशी शेजारी येऊन बसल्या.

घावन खाल्लेल्या प्रत्येक पेशंटला फोन केला. मोठे डॉक्टर म्हणाले होते, “फोन मी करतो.” पण खुणा माझ्या हातच्या होत्या. कुणी ऐकवलं, कुणी फोन आपटला, बहुतेक जण परत आले. तपासणी आम्ही बुधवारी नेली. औषधवाल्याला नुसतं विचारल्यावर तो हे औषध बुधवारी पाठवायला एका मिनिटात तयार झाला. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. जे मुळीच अंडं खात नाहीत त्यांना मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या सेंटरला पाठवलं, आणि चिठ्ठीत आमची चूक स्पष्ट लिहिली. हे सगळं कागदावर आलं, तपासनीस डॉक्टर पुन्हा येऊन गेले आणि मान्यता मिळाली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. मावशींचे तर नाहीच. त्या दारात गप्प राहिल्या असत्या तर मी त्या दिवशी खोटं बोलून वेळ मारून नेली असती.

परत आलेल्यांमध्ये गागोद्याच्या बाजूच्या एक आजी होत्या. भातशेतीवाल्या, मधुमेह जुना. जेवलं की उलटी व्हायची, पोट दगडासारखं व्हायचं. आमचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हापासून घरात सगळे म्हणायला लागले होते की म्हातारी नाटकं करते. त्यांनी जेवणच कमी करून टाकलं होतं. हात इतके बारीक झाले होते की शीर सापडायला वेळ लागला नसता, पण या तपासणीला सुई लागतच नाही.

बुधवारी त्यांनी मुकाट अंडं खाल्लं. चार तासांनंतरही निम्म्याहून जास्त जेवण जठरातच दिसत होतं. मी पडद्याकडे बघत राहिले. यावर औषध होतं, आहार होता, सगळं होतं, आणि आमच्या एका खुणेमुळे ते महिनोन्‌महिने त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला. मग मी बोलले. सोबत त्यांचा मुलगा होता, पण मी आजींकडेच बघत होते. म्हटलं, “आजी, आधीचा रिपोर्ट चुकीचा होता. चूक माझी. तुमचा त्रास खराच होता.” त्या ओरडतील, निदान तोंड फिरवतील, अशी माझी तयारी होती.

आजींनी माझा हात धरला. “म्हंजे मी नाटक करत नव्हते.”

“नव्हता करत.”

त्यांनी मला मुलाच्या दिशेने वळवलं. “यालापण सांग. मोठ्यानं सांग गो बाय.”

मी मुलाला मोठ्याने सांगितलं. तो खाली बघत राहिला. आजी म्हणाल्या, “आणखी एकदा.”